बाळंतिणीच्या कानाला फडकं बांधण्याआधी

माझं माहेर इचलकरंजीचं. खाली माग, वर घर. विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली या गावात पहिला यंत्रमाग आणला आणि पुढे गल्लोगल्ली कारखाने झाले, त्यांतलाच एक आमचा. धोट्याच्या खटखटाटात आम्ही भावंडं वाढलो, अभ्यास केला, गाढ झोपलोही. लाईट गेली की माग बंद पडायचे आणि कानात बारीक 'सूं' ऐकू यायचं. ते सगळ्यांनाच ऐकू येत असणार, असं आम्ही धरून चाललो होतो. त्याला टिनिटस म्हणतात हे कॉलेजात असताना कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं. आयुर्वेद त्याला कर्णनाद म्हणतो.

त्या 'सूं'चं आणि माझं बरं चाललं होतं. लग्न होऊन सांगलीला आले, शाळेत शिकवू लागले. पहिल्या गरोदरपणात सहाव्या महिन्यात मूत्रपिंडाला जंतुसंसर्ग झाला, जेंटामायसिनची इंजेक्शनं घ्यावी लागली आणि त्यानंतर 'सूं'चं 'किर्र' झालं. ते आजतागायत गेलेलं नाही. मुलगी आता शाळेत जाते, तिच्या पाठचा मुलगा रांगतोय, आणि हे लिहिताना उजव्या कानात किर्र चालूच आहे. त्या दिवसांत मराठीत याबद्दल काहीतरी वाचायला मिळावं म्हणून मी फार धडपडले होते, म्हणून लिहिते. मी डॉक्टर नाही. औषधाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.

१. जे औषध लागलं ते लागलं

थंडी वाजून ताप, कुशीत कळ, उलट्या. दिवस असताना मूत्रवाहिन्या सैलावतात, वाढत्या गर्भाशयाचा त्यांच्यावर दाब येतो, लघवी साचून राहते आणि खालच्या जंतूंना वर चढायला वाट मिळते. बहुतेकींना हे दुखणं उजव्या बाजूला होतं, मलाही तिकडेच झालं. ते अंगावर काढलं तर जंतुदोष रक्तात पसरण्याची आणि दिवस भरायच्या आत कळा सुरू होण्याची भीती असते. ॲडमिट होतानाच कान वाजतात हे मी सांगितलं होतं, केसपेपरवर ते लिहिलंही गेलं. पण पहिल्या औषधाला जंतू दाद देईनात, कल्चरच्या रिपोर्टात जेंटामायसिन लागू पडेल असं आलं, आणि पोटातल्या जिवाचा प्रश्न होता.

जेंटामायसिन स्ट्रेप्टोमायसिनच्या कुळातलं. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली सापडलं, क्षयाच्या रोग्यांना त्यानं जगण्याची आशा दिली, आणि दोन-तीन वर्षांतच त्याच रोग्यांचा तोल जातो, कान अधू होतात हेही डॉक्टरांच्या लक्षात आलं. आपल्या प्रत्येक आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या साधारण १५ हजार केसपेशी असतात. ही औषधं त्यांच्यात शिरतात आणि बरेच दिवस मुक्काम करतात. उंच, बारीक स्वर टिपणाऱ्या पेशी आधी मरतात. पक्ष्यांच्या कानात त्या पुन्हा तयार होतात, माणसाच्या कानात होत नाहीत.

हे वाचलं तेव्हा संताप झाला. मग गडचिरोलीचं काम वाचनात आलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं खेड्यातल्या बायकांना शिकवून आरोग्यदूत केलं, आणि जंतुदोष झालेल्या तान्ह्या बाळांना त्या घरी जाऊन जेंटामायसिनचं इंजेक्शन देऊ लागल्या. घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेण्याच्या या एकूण कामामुळे त्या गावांतले नवजात बाळांचे मृत्यू ६० टक्क्यांहून जास्त कमी झाले. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये ते प्रसिद्ध झालं. ज्या औषधानं एवढी बाळं वाचवायला हातभार लावला, त्यानंच माझा कान बिघडवला. माझी मुलगी पूर्ण दिवसांची जन्मली, त्यातही त्याचा वाटा आहे. या दोन्ही गोष्टी एकत्र मनात ठेवायला मला वेळ लागला, पण तेवढं झाल्यावर रागाला खायला काही उरलं नाही.

एक तक्रार मात्र आहे आणि ती मी सोडणार नाही. घरी सोडताना 'कानातला आवाज वाढला, चक्कर आली तर लगेच दाखवा' एवढं एक वाक्य कोणी बोललं नाही. या औषधांचा कानावरचा परिणाम कधी कधी इंजेक्शनं थांबल्यावर काही दिवसांनी, काही आठवड्यांनीही दिसू लागतो. माझं तसंच झालं.

२. इंजेक्शन सुरू व्हायच्या आधी विचारा

कानाला न बाधणारं दुसरं औषध चालेल का? हेच द्यायचं असेल तर कमीत कमी किती दिवस? किडनी नीट काम करते का, क्रिएटिनीन तपासलंय का? किडनी मंद असेल तर औषध अंगात साचतं. सोबत फ्युरोसेमाइडसारखं लघवी जास्त करायला लावणारं औषध दिलं जाणार आहे का? दोन्ही एकत्र आली की कानाला धोका वाढतो. आणि पोटातल्या बाळाच्या कानाचं काय? या कुळातल्या स्ट्रेप्टोमायसिननं गर्भातल्या बाळाची श्रवणशक्ती गेल्याची उदाहरणं आहेत, म्हणूनच डॉक्टर ही औषधं गरोदर बाईला अगदी गरज पडली तरच देतात. तापात हे प्रश्न सुचत नाहीत. नवऱ्याला, आईला, जो कोणी सोबत थांबेल त्याला ते लिहून द्या.

३. 'दिवस असताना होतंच असं'

हे वाक्य मी तपासणीला जाईन तिथे ऐकलं. ते अर्धं खरं आहे, म्हणूनच घातक. दिवस असताना अंगातलं रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं, पाणी साठतं, नाक चोंदतं, आणि ज्यांचे कान आधी कधी वाजले नाहीत अशा बायकांचेही वाजू लागतात. बाळंतपणानंतर पुष्कळजणींचं ते थांबतं. दुसऱ्या वेळी मी याचा अनुभव घेतला: कुठलंही इंजेक्शन नसताना आठव्या महिन्यात किर्र चढली, आणि मुलगा झाल्यावर पुन्हा पहिल्या जागी आली.

पण 'होतंच' म्हणून सोडून देण्याआधी काही गोष्टी बघायलाच हव्यात. नाडीच्या ठोक्याबरोबर कानात 'धप धप' किंवा 'हुश्श हुश्श' होत असेल तर ब्लडप्रेशर आणि हिमोग्लोबिन लगेच तपासायचं. आपल्या देशात निम्म्याहून अधिक गरोदर बायका रक्तक्षयाच्या आहेत. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हा आकडा ५२.२ टक्के होता. पातळ झालेलं रक्त जोरानं वाहतं आणि ते वाहणं कानाला ऐकू येतं. लोहाच्या गोळ्यांनी हा आवाज जाऊ शकतो. आणि कान वाजण्यासोबत डोकं ठणकत असेल, डोळ्यांपुढे काजवे चमकत असतील, चेहरा सुजला असेल, तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच दवाखान्यात जा. ते प्रीएक्लॅम्प्सियाचं, म्हणजे गरोदरपणात ब्लडप्रेशर धोकादायक वाढण्याच्या आजाराचं, लक्षण असू शकतं.

४. आवाज कागदावर आणा

'फार वाजतंय हो' असं म्हटलं की ऐकणारा मान हलवतो आणि पुढच्या पेशंटला बोलावतो. ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याचा आलेख, समोर ठेवला की तोच माणूस खुर्ची पुढे ओढतो. माझ्याकडे कॉलेजच्या दिवसांतला एक जुना ऑडिओग्राम होता. त्यात ४००० हर्ट्झला खड्डा होता. गोंगाटात वाढलेल्या कानाची ती ओळखच. इंजेक्शनांनंतरच्या आलेखात तो खड्डा तिथेच होता, पण त्याच्या पुढे ८००० ला रेघ आणखी खाली घसरली होती. दोन कागद शेजारी ठेवल्यावर वादाला जागा राहिली नाही. ज्यांचे कान आधीपासून वाजतात त्यांनी दिवस राहायच्या आधी, नाहीतर राहिल्यावर लवकरात लवकर असा एक कागद करून ठेवावा. साधी तपासणी ८००० हर्ट्झपर्यंतच जाते. औषधाचा परिणाम त्याच्याही वर आधी सुरू होतो, म्हणून सोय असेल तिथे १६००० पर्यंतची तपासणी मागून घ्या. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून याच कामासाठी आहे.

ऑडिओलॉजिस्टनं आणखी दोन गोष्टी केल्या. २५ प्रश्नांची एक यादी भरून घेतली: झोप लागते का, चिडचिड होते का, लक्ष लागतं का. त्याचे शंभरपैकी गुण निघतात, आणि काही महिन्यांनी तेच प्रश्न पुन्हा विचारले की आपण कुठे आहोत ते दिसतं. दुसरी गोष्ट मात्र मला आमूलाग्र हलवून गेली. हेडफोन लावून वेगवेगळे स्वर ऐकवत त्या विचारत होत्या, "हा का? की याच्यापेक्षा बारीक?" जुळला. मग त्याच स्वराचा मोठेपणा जुळवला. मला वाटत होतं माझी किर्र बंद खोलीबाहेरही ऐकू जात असेल. मोजल्यावर निघालं की माझ्या ऐकण्याच्या मर्यादेच्या वर ती जेमतेम काही डेसिबल आहे. जवळजवळ सगळ्यांचं असंच निघतं, असं त्या म्हणाल्या. एवढ्याशा आवाजानं माझी रात्र कशी काय खाल्ली, याचं उत्तर कानात नव्हतं. ते पुढे सांगते.

५. गोळ्या, थेंब, लसणीचं तेल

टिनिटस बरा करणारी गोळी आजघडीला जगात नाही. जिंकोच्या कॅप्सूल काम करत नाहीत हे तज्ज्ञांनी तपासून सांगितलंय. बीटाहिस्टीन आपल्याकडे सर्रास लिहून देतात. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना ते सुरक्षित आहे का, हे तुमच्या प्रसूतितज्ज्ञांना विचारल्याशिवाय एकही गोळी घेऊ नका. लसणीचं कोमट तेल कानात घालायला प्रत्येक घरात कोणीतरी सांगतंच. बिघाड कानाच्या पडद्याच्या पलीकडे, हाडाच्या आत आहे. तेल तिथवर पोहोचत नाही आणि पडद्याला भोक असेल तर नुकसान करतं.

याच्या उलट एक. 'ॲस्पिरिननं कान वाजतात' असं वाचून माझ्या एका मैत्रिणीनं डॉक्टरांनी दिलेली बारीक ॲस्पिरिन परस्पर बंद करायची ठरवली होती. कान वाजवणारा डोस त्याहून कितीतरी पट मोठा असतो. ७५ किंवा १५० मिलिग्रॅमची ती गोळी प्रीएक्लॅम्प्सिया टळावा म्हणून देतात. मनानं काही सुरू करू नका, तसं मनानं बंदही करू नका.

६. बाळंतिणीची खोली

पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. पण खाली माग चालू असलेल्या घरात मला जायचं नव्हतं, म्हणून आईच माझ्याकडे सांगलीला आली. तिनं सगळं जय्यत केलं. खिडक्या बंद, पंखा बंद, पडदे ओढलेले, शेगडीवर ओवा-बाळंतशेपांची धुरी, कानात कापसाचे बोळे आणि त्यावरून डोक्याला घट्ट बांधलेलं मऊ सुती फडकं. बाळंतिणीच्या कानात वारं शिरू नये म्हणून. पिढ्यान् पिढ्या बायकांनी एकमेकींना असंच सांभाळलंय, त्यामागची माया मला कळत होती.

आणि त्या फडक्यात माझा जीव कासावीस होत होता. बाहेरचा आवाज बंद झाला की आतलाच तेवढा उरतो. कापूस घातला की किर्र दुप्पट.

हे होणं स्वाभाविक आहे. १९५३ साली हेलर आणि बर्गमन या दोघांनी ऐकण्याची काहीच तक्रार नसलेल्या ८० जणांना आवाज येणार नाही अशा खोलीत बसवलं आणि काय ऐकू येतं ते लिहायला सांगितलं. त्यातल्या ९४ टक्के लोकांनी कुठला ना कुठला आवाज लिहिला. निरोगी कानांची ही गत; मग केसपेशी गमावलेला कान बंद खोलीत काय करेल? बाहेरून काही येईनासं झालं की मेंदू आपली आवाज टिपण्याची ताकद वाढवत नेतो, आणि त्यात स्वतःच्याच तारांची कुजबुज त्याला मोठी ऐकू येते.

आईला हे शास्त्र सांगून उपयोग नव्हता. मी तिला म्हटलं, "आई, तुझे दोन्ही कान तळहातांनी घट्ट दाबून डोळे मिट आणि शंभरापर्यंत मोज." तिनं मोजले. चाळीस-पन्नासाच्या आसपास डोळे उघडून म्हणाली, "अगं, हे कसलं गं घूं घूं?" मी म्हटलं, "मला हेच दिवसरात्र, आणि फडकं बांधलं की याच्या कितीतरी पट." ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी आंघोळीनंतर तिनं फडकं कपाळावरून मानेमागे नेऊन बांधलं, कान मोकळे ठेवून. कापूस परत डब्यात गेला. पंखा भिंतीकडे तोंड करून लावला, म्हणजे वारं अंगावर येणार नाही आणि घरघर ऐकू येईल. शेजारच्या काकू बघायला आल्या आणि "कान का गं उघडे?" म्हणाल्या, तेव्हा उत्तर आईनंच दिलं.

घरातल्या मोठ्या बायकांशी भांडू नका. त्यांना त्यांच्याच कानानं ऐकू द्या.

७. किती आवाज पुरे

किर्र पूर्ण झाकून टाकेल इतका मोठा आवाज लावायचा मोह होतो. तो टाळा. बाहेरचा आवाज किर्रच्या किंचित खाली हवा, दोन्ही एकाच वेळी ऐकू येतील इतकाच. असं असलं की मेंदू हळूहळू तिला बिनमहत्त्वाची ठरवतो. झाकून टाकली तर तिला ओळखून सोडून द्यायची संधीच त्याला मिळत नाही. पोलिश-अमेरिकन संशोधक पावेल यास्त्रेबोफ यांनी १९९० साली हा विचार मांडला, त्यावर उभी राहिलेली उपचारपद्धती आज जगभर वापरतात.

पावसाचे, समुद्राचे रेकॉर्ड केलेले आवाज मला रुचले नाहीत. मला लागू पडला तंबोरा. मिरज इथून हाकेच्या अंतरावर, तिथल्या तंतुवाद्यं बनवणाऱ्यांच्या गल्लीतून जाताना दुकानात कोणीतरी जवारी काढत बसलेलं असायचं. तो एकाच स्वरातून अनेक स्वर उमलत जाण्याचा नाद माझ्या किर्रला शेजारी बसवून घेतो. मोबाईलवर तंबोरा अगदी मंद लावून, फोन खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून मी झोपू लागले. सकाळी आकाशवाणी सांगली. इअरफोन कानात घालून मात्र काही ऐकू नका. आणि बाळ त्याच खोलीत असेल तर आवाजाचं साधन पाळण्यापासून लांब आणि हलकंच असू द्या, त्याचे कान आपल्याहून कोवळे असतात.

८. अंधारात बाळाला घेऊन जिना उतरू नका

याबद्दल कोणी बोलत नाही. जेंटामायसिन ऐकण्यापेक्षाही तोल सांभाळणाऱ्या भागाला जास्त बाधतं. दिवसा डोळे ती कसर भरून काढतात. अंधारात पाय भलतीकडे पडतो. चालताना समोरच्या पाट्या हलताना दिसत असतील, वाचता येत नसतील, तर ते अशक्तपणावर ढकलू नका, कानाच्या डॉक्टरांना तसंच्या तसं सांगा. तोलाचे व्यायाम असतात, फिजिओथेरपिस्ट शिकवतात आणि त्यांनी फरक पडतो. आमच्या घरात पाळण्यापासून न्हाणीघरापर्यंत रात्रभर लहान दिवे असायचे.

९. रात्री तीन वाजता

बाळ दूध पिऊन झोपतं, घर झोपतं, आणि आपण जागे. त्या वेळी एकच विचार डोकं पोखरतो: आता हे जन्मभर. मला आणखी एक भीती होती, किर्रमुळे पोरीचं रडणं ऐकू आलं नाही तर? प्रत्यक्षात ते एकदाही झालं नाही. बाळाचं रडणं इतकं मोठं असतं, आणि आईचा मेंदू त्यासाठी इतका सज्ज असतो, की किर्र त्याच्या आड येऊच शकत नाही. तरी भीती खरी होती.

एवढासा आवाज रात्र का खातो, त्याचं उत्तर इथे आहे. मेंदू आवाज नुसता ऐकत नाही, तो धोक्याचा आहे का हे ठरवतो. एकदा का 'धोका' अशी मोहोर बसली की तो त्यावरून लक्ष काढतच नाही. झोप नसलेली, हार्मोन्स उलटेपालटे झालेली, नव्या बाळाच्या काळजीत असलेली बाई ही मोहोर बसायला अगदी तयार असते. म्हणून टिनिटसवर सगळ्यात भक्कम पुरावा असलेला उपाय मानसोपचाराचा आहे, सीबीटी म्हणजे विचार आणि वागणं बदलायची पद्धत. किर्र त्यानं कमी होत नाही, तिचा जाच कमी होतो. माझ्या समुपदेशकांनी एक काम दिलं: 'आवाज किती' आणि 'त्रास किती' हे दोन वेगळे रकाने रोज रात्री भरायचे. पहिला रकाना जवळजवळ तसाच राहिला. दुसरा उतरत गेला. तो उतरतो हे स्वतःच्या अक्षरात पाहणं हाच माझ्यासाठी सगळ्यात मोठा दिलासा होता.

भ्रामरी करून पाहा. माझ्या बाबतीत तिनं किर्र कमी केली नाही, श्वास मात्र लांब झाला आणि छातीतली धडधड बसली. तेवढ्यासाठी ती अजून करते.

रडू थांबत नसेल, बाळाकडे बघावंसं वाटत नसेल, जगणं नको असं मनात येत असेल, तर ते कानाचं दुखणं म्हणून गिळू नका. ते बाळंतपणानंतरचं नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या नंबरवर दिवसरात्र फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

१०. 'अजून वाजतंय का?'

माझे यजमान रोज ऑफिसातून आले की काळजीनं हे विचारत. विचारलं की लक्ष तिकडे जायचं आणि विसरलेली किर्र परत हजर व्हायची. आम्ही ठरवलं, विचारायचं नाही. मला सांगावंसं वाटलं तर मी सांगेन. त्याऐवजी त्यांनी रात्रीचं एक दूध स्वतःकडे घेतलं. ते वाटीत काढून ठेवलेलं असायचं, मी सलग झोपायची. त्या झोपेनं जेवढं दिलं तेवढं कुठल्याच गोळीनं दिलं नसतं.

११. गोंगाट

दुखावलेल्या कानाला मोठा आवाज पुन्हा दुखावतो. स्टीलची ताटं एकमेकांवर आपटली, कुकरची शिट्टी जवळून झाली, की माझ्या कानात कळ यायची. म्हणून दिवसभर कानात बोळे घालून बसायचं का? नाही, त्यानं कान आणखी हळवा होतो. बोळे फक्त खऱ्या गोंगाटासाठी: वरात, विसर्जन मिरवणूक, फटाके. बारशाला आम्ही स्पीकर लावला नाही, पाळणे बायकांनी तोंडानं म्हटले. दवाखान्याभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो, हा नियम २००० सालचा आहे. प्रसूतिगृहासमोरून साउंड सिस्टिमच्या भिंती वाजत जातात तेव्हा आत एखादी नुकती मोकळी झालेली बाई आणि काही तासांचं बाळ आहे, हे मंडळाच्या मुलांना जाऊन सांगा. आमच्या गल्लीतल्या मुलांनी ऐकलं आणि तेवढा रस्ता फक्त ढोलकी-टाळांवर नेला.

माहेरी माग अजून चालतात. भावानं आता कामगारांसाठी कानाचे मफ आणलेत. कामगार ते वापरायला नाखूश होते; "उकडतं", म्हणत. वहिनीनं त्यांच्या बायकांना बोलावून माझे दोन्ही ऑडिओग्राम दाखवले. मग वापर वाढला.

१२. आईकडून येणारी गोष्ट

पोटात असताना किंवा जन्मल्यावर ज्या बाळाला जेंटामायसिनच्या कुळातली इंजेक्शनं मिळाली, त्याचे कान घरी सोडण्याआधी तपासून घ्या. ओएई नावाची तपासणी असते. बाळ झोपलेलं असताना कानात एक बारीक टोक ठेवतात, काही मिनिटांत होते, दुखत नाही. त्यात शंका आली तर तीन महिन्यांच्या आत पक्कं निदान आणि सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू व्हायला हवेत, कारण बोलणं शिकण्याचे दिवस परत येत नाहीत. माझ्या मुलीच्या दोन्ही कानांचा निकाल चांगला आला.

कानाच्या डॉक्टरांनी मला आणखी एक विचारलं: आईकडच्या कोणाला इंजेक्शनांनंतर बहिरेपणा आलाय का? माझ्या मामांना तरुणपणी क्षय झाला होता, स्ट्रेप्टोमायसिन घेतल्यावर त्यांचे कान गेले होते. काही घराण्यांत पेशींमधल्या मायटोकाँड्रियाच्या जनुकात एक बदल असतो. तो असला की या कुळातल्या औषधाचा नेहमीचा, अगदी थोडा डोसही कायमचं बहिरं करू शकतो. हा बदल फक्त आईकडून मुलांना जातो. वडिलांकडून जात नाही. रक्ताची तपासणी केली, माझ्यात तो नाही. मामांचा बहिरेपणा बहुधा जास्त दिवस चाललेल्या इंजेक्शनांचा.

तुमच्या आईच्या आईला, आईला, मावशीला, मामाला स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, अमिकासिन किंवा कॅनामायसिननंतर ऐकू येईनासं झालं असेल, तर तुमच्या दवाखान्याच्या नोंदणी कार्डावर लाल पेनानं ते लिहून घ्या, आणि आईकडच्या नात्यातल्या प्रत्येक लेकीसुनेला सांगा. लेकींच्या मुलांना धोका असू शकतो, सुनेच्या मुलांना त्या बाजूनं नाही. सुनेनं स्वतःच्या माहेरी विचारायचं.